घाघरेतला माझा

बादशहानगर स्टेशनवर आम्ही पोचलो तेव्हा गाडी यायला अवकाश होता, पण सासूबाई मनाने केव्हाच पलीकडे पोचल्या होत्या. फलाटावरच्या बाकावर त्यांनी पुरणपोळ्यांचा डबा, तुपाची बरणी, नारळ, विड्याची पानं आणि इरकल साडीची पिशवी अशी काही मांडामांड केली होती की एका बाईंनी थांबून विचारलं, "अम्मा, पूजा का सामान बेच रही हो?" सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या बाई थेट फलाटाच्या टोकाला गेल्या.

लखनौला राहतो म्हटलं की सांगलीची मंडळी इमामबाडा, चिकनचे कुडते आणि कबाब यांच्यापुढे जात नाहीत. मी इथे बँकेत आहे, नवरा अविनाश रेल्वेत पुलांकडे बघतो. इतकी वर्षं निशातगंजात काढली, पण पत्र लिहिण्याजोगा प्रवास इथून कधी घडला नव्हता. तो एकदाचा घडला. आम्ही रेल्वेने आणि मग नावेने एका बेटावर गेलो आणि जेवून संध्याकाळी परत आलो. समुद्र बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा. हे बेट घाघरा नदीतलं होतं.

बेटावर आमच्या मुलीचं लग्न ठरायचं किंवा मोडायचं होतं.

मुक्ता जानकीपुरमच्या बाजूला औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथल्याच शिवम नावाच्या मुलाशी तिचं जमलं. त्याचे आईवडील बहराइचला असतात आणि त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, आजी हो म्हणाली की आमचंही हो. ही आजी बेटावर राहते आणि तिथून हलत नाही. आमच्याकडेही तीच तऱ्हा. मुक्ता शाळेत असल्यापासून सासूबाई आमच्याकडे आहेत, दोघींची खोली एक, दोघींची भांडणं एका पांघरुणावरून. मुक्ताने मला बजावलं होतं, "आजी ने मना किया तो मैं नहीं करूँगी, मम्मी." आणि ती तसंच करेल हे मला माहीत होतं.

सासूबाईंची अट एकच, मुलगा मराठी हवा. आणि नशीब बघा, मुलगा मराठी निघाला! ही बातमी मला सासूबाईंनीच दिली. मुक्ताने त्यांचं शिवमशी फोनवर बोलणं करून दिलं होतं आणि मी तेव्हा स्वयंपाकघरात मिक्सर लावून बसले होते. "मोऱ्यांचा मुलगा आहे," त्या मला म्हणाल्या. "मला 'नमस्कार आजी' म्हणाला. पुढे म्हणाला, 'हमारी आजी माझा...' लिंग चुकतंय बिचाऱ्याचं. माझी आजी म्हणायचं तर माझा म्हणतो. उत्तरेत वाढलाय, चालायचंच."

मी देवापुढे साखर ठेवली आणि पुढची चौकशी केली नाही.

गाडी आली. खिडकीजवळ सासूबाई, त्यांच्यासमोर अविनाश, मधे आम्ही दोघी. गोमतीनगर मागे पडलं तशी घरं विरळ झाली आणि कापणीला आलेला गहू दिसू लागला. बाराबंकीच्या अलीकडेच खिडकीतून एक थंडगार वास आत शिरला. पेपरमिंटची शेती! मैलोन्‌मैल बुटकी हिरवी रोपं, आणि डब्यात सगळ्यांनी मिळून एकच गोळी चघळावी तसा वास. सासूबाईंनी खोल श्वास घेऊन सर्दी मोकळी झाल्याचं जाहीर केलं.

बाराबंकीला अविनाशने खस्ता (मैद्याची खुसखुशीत कचोरी, वर बटाट्याची भाजी) आणला. खाता खाता सासूबाई एकदम हळव्या झाल्या. "काय गं," त्या मला म्हणाल्या, "तुला आता सांगते. माझा हट्ट जातीपातीचा नव्हता. पण या घरात मी मुक्ताशी मराठीत बोलते आणि ती मला हिंदीत उत्तर देते. सगळं समजतं तिला, पण उत्तर हिंदीत. मला वाटायचं, निदान जावई तरी मराठीत बोलेल. दोन शब्द. कशा आहात, जेवलात का. एवढंच." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि राहिलेला खस्ता संपवला.

मुक्ताचा घास हातातच राहिला. ती उठली, मला दंडाला धरून डब्याच्या दारापाशी घेऊन गेली आणि कुजबुजली, "मम्मी, गड़बड़ हो गई. वो मोरे नहीं है. मौर्य है."

"काय?"

"शिवम मौर्य. मैंने आपको बताया था!"

"केव्हा?"

"सुबह. ब्रश करते हुए."

तोंडात फेस असताना मौर्य आणि मोरे यांत फरक तो किती राहणार? पण मी धीर सोडला नाही. "आणि आजी? तो आजी म्हणाला ना?"

"इधर भी आजी बोलते हैं, मम्मी. दादी को. गाँव में सब बोलते हैं."

"आणि माझा?"

"माझा मतलब नदी के बीच की ज़मीन. वो बोल रहा था, हमारी आजी माझा में रहती हैं." (माझा म्हणजे नदीच्या पात्रातली गाळाची जमीन. पावसाळ्यात बुडते, पाणी ओसरलं की वर येते. हे मी आता मोठ्या ऐटीत सांगते आहे, तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.)

"तुला हे कधी कळलं?"

"अभी, प्लेटफ़ॉर्म पे. आजी किसी से फ़ोन पे बोल रही थीं, मोऱ्यांचं घर मिळालं." मुक्ता रडायच्या बेतात होती. "आप बता दो ना उनको."

"लग्न तुझं. तू सांग."

"आपकी सास हैं."

शेवटी आम्ही दोघींनी मिळून अविनाशला बोलावलं. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "आईला मी सांगतो. पण आधी पूल येऊ दे." माझ्या नवऱ्याची ही जुनी युक्ती आहे. घरात काहीही अवघड झालं की कुठला ना कुठला पूल मधे येतो.

आम्ही जागेवर परतलो तर तिथे नवीनच प्रकरण उभं राहिलं होतं. सासूबाईंच्या शेजारी एक दूधवाले बाबा येऊन बसले होते आणि गप्पा रंगल्या होत्या.

"कहाँ जा रही हैं अम्मा?" बाबांनी विचारलं.

"हमारा रिश्तेदार है. नदी में," सासूबाई म्हणाल्या. त्यांची हिंदी त्यांनी स्वतः घडवलेली आहे.

"अच्छा, माझा!" बाबा आनंदाने म्हणाले. "हमारी मौसी भी माझा की हैं."

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "बघ," त्या कुजबुजल्या, "हाही आपलाच. याचंही लिंग चुकतंय."

मी खिडकीबाहेर बघू लागले.

मग पूल आला. घाघरेचा पूल बराच लांब आहे. गाडी हळू झाली, चाकांचा आवाज बदलला आणि खाली नुसती वाळूच वाळू पसरली. मधूनच निळसर पाण्याचे पट्टे, काठाला सरपत नावाचं उंच गवत, आणि पाण्याच्या मधोमध एक लांबुळकं हिरवं बेट. त्यावर टरबुजांचे वेल, चार-सहा गवती छपरं, दोरीवर वाळत घातलेली लाल साडी. उन्हात ते सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की क्षणभर मी मौर्य आणि मोरे दोघांनाही विसरले. अविनाशने पुलाच्या खांबांची खोली, त्यांच्याभोवतीची वाळू कशी वाहून जाते आणि ती वाहून जाऊ नये म्हणून काय करतात, हे दूधवाल्या बाबांना समजावून सांगितलं. पूल संपला. आईला सांगायचं राहून गेलं.

घाघरा घाट या छोट्या स्टेशनवर शिवम आम्हाला न्यायला आला होता. उंच, सडपातळ, कानांपर्यंत हसणारा मुलगा. तो वाकून सासूबाईंच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "काय रे, आजी बऱ्या आहेत ना?"

"जी आजी," शिवम म्हणाला.

"लाजाळू आहे," सासूबाईंनी मला सांगितलं.

ई-रिक्षाने आम्ही घाटावर आलो. घाट म्हणजे पायऱ्या वगैरे काही नव्हतं, नुसता वाळूचा उतार आणि खाली डिझेल इंजिनाची मोठी लाकडी नाव. नावेत आधीच एक मोटरसायकल, काही सायकली, खताची पोती, माहेरी निघालेली एक नवी नवरी आणि शेळ्या बसल्या होत्या. सासूबाईंना फळीवरून चढवायचं कसं हा प्रश्न नावाड्यानेच सोडवला. त्याने कुठूनशी प्लास्टिकची खुर्ची आणली, त्यांना बसवलं आणि त्याने नि शिवमने खुर्चीसकट उचलून नावेच्या मधोमध ठेवलं. चारी बाजूंना शेळ्या आणि मधे खुर्चीवर इरकलची पिशवी मांडीवर घेतलेल्या सासूबाई. त्या खूश होत्या. "पालखीत बसल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या.

इंजिन सुरू झालं आणि त्याच्या दणक्याने त्यांनी कानातलं मशीन काढून बटव्यात टाकलं. सांगायची ही संधीही गेली. आता त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं तर नवरीसकट सगळ्या नावेला कळलं असतं.

वारा मात्र सुरेख होता. पाण्यावर टिटव्या ओरडत होत्या, दूर वाळूत कासवं उन्हाला पडली होती. शिवम माझ्याजवळ येऊन बसला. त्याने सांगितलं की दर पावसाळ्यात सरजू (इथली माणसं घाघरेला सरजू म्हणतात) बेट गिळते. आजी छप्पर उतरवून बंध्यावर (पूर अडवणाऱ्या मातीच्या बांधावर) जाते आणि कार्तिकात पाणी उतरलं की परत येते. जमीन कधी अलीकडे निघते, कधी पलीकडे. "पापा ने बहराइच में कमरा बनवा दिया है उनके लिए. उसमें प्याज रखती हैं," तो म्हणाला.

"शिवम," मी घसा साफ केला, "एक बात है. हमारी माताजी समझती हैं कि आप मराठी हैं."

त्याचं हसू कानांवरून खाली आलं. तो आणखी जवळ सरकला. मग म्हणाला, "आंटी, एक बात मैं भी बता दूँ? हमारी आजी समझती हैं कि मुक्ता गोरखपुर की है."

"का?"

"वो फ़ोन पे आजी-आजी बोल रही थी. उधर भी यही बोलते हैं. और हमारी आजी ने कह दिया है, शादी अपनी तरफ़ की लड़की से ही होगी."

एकाच शब्दाने दोन म्हाताऱ्यांना दोन्ही काठांवरून फसवलं होतं, आणि आम्ही त्यांची भेट घडवून आणायला मधल्या धारेतून चाललो होतो. तेवढ्यात नाव खरोखरच रुतली.

वाळूचा उंचवटा पाण्याखाली होता. नावाड्याने बांबूने ढकलून पाहिलं, काही होईना. अविनाशने वजनाचा समतोल कसा साधावा यावर चार शब्द सांगितले. नावाड्याने ते ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहब, आप उतर जाइए." अविनाश पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला आणि नाव लगेच हलली. सगळे हसले, नवरीही पदराआड हसली. अविनाश कंबरेइतक्या पाण्यातून नावेच्या कडेला धरून चालत राहिला. एक चप्पल नदीने ठेवून घेतली. या गोंधळात शेळ्यांनी विड्याची पानं सगळी खाल्ली. एक शेळी तर शेवटचं पान देठासकट चघळत सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होती.

बेटाला लागलो. तापलेली वाळू, मग एकदम वेलींचा ओलावा. टरबूज, खरबूज, काकडी, आणि मधून पायवाट. पायवाटेच्या टोकाला मडई (गवताचं उघडं छप्पर), तिच्यासमोर शिवमची आजी उभी. ठेंगणी, काळीसावळी, डोक्यावरून पदर, हातात ताडाच्या पानाचा पंखा. आम्हाला पाहताच तिने आत कुणाला तरी हाक दिली, "पाहुन आइ गे!"

सासूबाईंनी मशीन नुकतंच कानात घातलं होतं. "ऐकलंस?" त्यांनी माझा हात दाबला. "पाहुणे म्हणाली!"

"आवौ बहिनी, आवौ. घाम मा आई हौ, पहिले गुर-पानी लेव," आजी म्हणाली. पितळेच्या तांब्यात पाणी आणि ताटलीत गुळाचे खडे आले.

"गूळपाणी!" सासूबाईंनी गुळाचा खडा उचलला. "बघा, इतक्या लांब येऊनही आपली रीत सोडली नाही यांनी."

मी अविनाशकडे पाहिलं. तो ओल्या पँटने, एका पायात चप्पल घालून, टरबुजाची पाहणी करत होता. मुक्ता आणि शिवम एकमेकांकडे न बघता उभे होते.

दोघी आज्या बाजेवर शेजारी बसल्या. सासूबाईंनी इरकल साडी दिली. आजीने तिचा काठ बोटांत धरून पाहिला, कपाळाला लावली. मग सासूबाईंनी शुद्ध सांगलीच्या मराठीत विषयाला हात घातला. "तुमचं गाव कुठलं?"

गाव हा शब्द आजीला कळला. "गाँव? यहै माझा," तिने हात पसरून सगळं दाखवलं.

"हो हो, तुमचंच आहे ते. पण मूळचं? साताऱ्याकडचे का तुम्ही? मोरे ना?"

"मोरे?" आजी हसली. "मोरे तौ बहिनी यहै खेत आय, यहै मड़ई आय, औ यहु नाती आय."

आता हे मी नीट सांगते, कारण इतकी मजा मला आयुष्यात क्वचितच बघायला मिळाली आहे. तिच्या बोलीत मोरे म्हणजे माझे (माझं हे शेत, ही मडई, हा नातू). आमचा माझा तिच्याकडे जमीन झाला होता आणि आमचं मोरे आडनाव तिच्याकडे माझं झालं होतं. दोघी एकमेकींचा शब्द हातात घेऊन आपापल्या अर्थाने माना डोलवत होत्या. मला हसू आवरेना आणि भीतीने घामही फुटला.

शेवटी आजीनेच सासूबाईंच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "बहिनी, तुम्हार बोली तौ गोरखपुर कै नाहीं लागत. हमरे पल्ले नाहीं परत."

"गोरखपूर?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी वळून शिवमकडे पाहिलं.

"शिवम," सासूबाई हिंदीवर आल्या, "तू मराठी नहीं है?"

"नहीं आजी."

"और ये माझा?"

शिवमने पायाखालच्या वाळूकडे बोट दाखवलं. "माझा ये है, आजी."

सासूबाईंनी वाळूकडे पाहिलं. मग मुक्ताकडे. "तुला माहीत होतं?"

"आज सुबह पता चला."

"आणि तुला?"

"गाडीत," मी म्हणाले.

"आणि याला?"

"पूल यायच्या आधी," अविनाश टरबुजांतून म्हणाला.

तिकडे आजीला शिवमने खरं सांगितलं. तिने हातातल्या पंख्याने त्याला पाठीत सपासप रट्टे दिले आणि प्रत्येक रट्ट्याबरोबर गोरखपूरचं नाव घेतलं. ते बघून सासूबाईंनाही स्फुरण चढलं. त्या मुक्ताकडे वळल्या, पण हाताशी पंखा नव्हता. आजीने आपला पंखा मुकाट्याने त्यांच्यापुढे केला. सासूबाईंनी तो घेतला, क्षणभर हातात तोलला आणि स्वतःलाच वारा घालू लागल्या. मग दोघींनी एकाच वेळी हात हलवला, आपापल्या भाषेत, पण अर्थ एकच. चालते व्हा इथून.

आम्ही चौघं पाण्याच्या काठाला जाऊन बसलो. मुक्ता गुडघ्यांत डोकं घालून रडत होती. शिवम तिच्याशेजारी हातभर अंतरावर बसून वाळूत रेघोट्या मारत होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, सगळं संपलं. सासूबाई रागावल्या तर रागाने बोलतात, आणि त्यांचं बोलणं मी पचवू शकते. पण आज त्यांनी नुसतं हात हलवून आम्हाला घालवलं होतं. मडईतून आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. कधी एकीचा आवाज वाढे, कधी दुसरीचा. एकदा सासूबाईंचा हुंदका ऐकू आला असं मला वाटलं. अविनाशने बसल्या जागी नदीची धार कुठे वळते ते मला सांगायला सुरुवात केली आणि मग मधेच थांबला. "मी खरंच सांगायला हवं होतं गं," तो म्हणाला.

जेवायला हाक आली. अरहरची डाळ, चुलीवरची जाड रोटी, कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा, ताक. खरबूज इतकं गोड की हात चिकट झाले. पुरणपोळ्यांचा डबा आधीच उघडलेला होता आणि बराच रिकामा. दोघी तुपाची बरणी मधे घेऊन बसल्या होत्या. आजीने बोट चाटत पुरणपोळीला दालभरी म्हटलं, सासूबाईंनी मान डोलावली. पण निकाल कुणी सांगेना. विचारायची कुणाची छाती होईना. जेवणं आटोपल्यावर सासूबाई फक्त म्हणाल्या, "चला. गाडी चुकेल."

परतीच्या नावेत पुन्हा तीच प्लास्टिकची खुर्ची. शिवम आम्हाला स्टेशनपर्यंत पोचवायला सोबत होता. नाव सुटली तरी आजी काठाने चालत राहिली आणि ओरडून काही सांगत राहिली. शिवम उभा राहून तिला तिच्याच बोलीत ओरडून उत्तर देत होता. "आजी, दवाई खाय लिहेव!" "हाँ हाँ! तू पहुँचि कै फोन किहेव!" प्रयोगशाळेत इंग्रजीत अहवाल लिहिणारा हा मुलगा नावेच्या टोकावर उभा राहून चुलीपाशी बोलावं तसं बोलत होता. इंजिनाचा दणका चालू होता, तरी सासूबाईंनी मशीन कानातच ठेवलं. कपाळाला आठ्या घालून त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. उन्हं तिरपी झाली होती आणि पूल ओलांडताना बेट सोनेरी दिसत होतं. अविनाश पुलाबद्दल एक अक्षर बोलला नाही. पूल मागे पडल्यावर सासूबाईंनी घसा साफ केला.

"मुलगा मला पसंत आहे," त्या म्हणाल्या.

मुक्ता उडालीच. तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले, पण सासूबाईंनी तिला दूर केलं.

"थांब. मुलगा पसंत आहे म्हटलं. मुलीचं अजून ठरायचंय."

"आई, मुलगी आपलीच आहे," अविनाश म्हणाला.

"म्हणूनच सांगते." सासूबाई मुक्ताकडे बघत होत्या. "त्या बाईने मला विचारलं, तुमची नात तुमच्याशी तुमच्या बोलीत बोलते का? तिचा नातू बोलतो. शिकलासवरला, लखनौला नोकरी करतो, पण आजीशी आजीच्या बोलीत. नावेतून ऐकलंत ना सगळ्यांनी? मला हवा होता तसाच मुलगा आहे तो, फक्त भाषा दुसरी आहे. मी काय सांगणार होते तिला?"

मला खरंच वाईट वाटलं. बाहेरून येणारा मुलगा कसा हवा हे आम्ही सांगत होतो, आणि घरातलं हे कुणी कधी बघितलंच नव्हतं.

"मी तिला खोटं सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "हो म्हटलं. माझी नात माझ्याशी मराठीतच बोलते म्हटलं. मग ती हो म्हणाली." त्यांनी बटव्याची दोरी आवळली. "पावसाच्या आत लग्न करायचं ठरलंय आमचं. तोवर मला खोटी पाडू नकोस."

गाडी बुढवलला थांबली, सुटली. मग मुक्ताने ओठ ओले केले आणि परीक्षेला बसल्यासारखी म्हणाली, "आजी, मी... मी तुझ्याशी बोलेल."

"बोलेन."

"बोलेन. तुला राग आली का?"

"राग आला. राग आला म्हणायचं."

"राग आला का?"

"आला होता," सासूबाई म्हणाल्या. मग मात्र त्यांनी तिला जवळ ओढलं, आणि बाराबंकी येईपर्यंत दोघी एकमेकींना सोडेनात. मुक्ता खिडकीतून दिसेल त्याचं नाव विचारत होती आणि सासूबाई सांगत होत्या. गहू, विहीर, बगळा. पेपरमिंटला मराठीत काय म्हणतात हे आम्हा कुणालाच सांगता आलं नाही.

बादशहानगरला उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. फिरून आल्यावर माणसाने काय पाहिलं ते लिहावं म्हणतात. मी घाघरा पाहिली, कासवं पाहिली, आणि माझ्याच घरातल्या दोघीजणी मला पहिल्यांदा एकमेकींशी बोलताना दिसल्या. बाहेर ई-रिक्षांची झुंबड होती. मुक्ता पुढे झाली आणि सवयीने नव्हे, चांगला विचार करून, रिक्षावाल्याला म्हणाली, "भैया, निशातगंजला येणार का?"

रिक्षावाला गोंधळून तिच्याकडे बघू लागला. "कहाँ?"

मी मदतीला जाणार तोच सासूबाई काठी टेकत पुढे झाल्या. पदर सावरून, मान ताठ करून त्यांनी आपल्या घडीव हिंदीत त्याला सांगितलं, "निशातगंज जानेका है भैया. इस लड़की का बुरा मत मानो. इसको हिंदी नहीं आता."